वाक्याचे दोन अर्थ निघत असतील, तर ते मराठीत कुणाला तरी सांगून बघा

तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून मला तो जसा कळला तसा आधी सांगते. तुम्ही परभणीचे. शाळा मराठी माध्यमाची, मग बी.कॉम., आणि आठ महिन्यांपासून पुण्यात एका बॅक ऑफिसात कामाला. क्लायंट इंग्लंडातला, लीड्सचा. टीम लीडर इंदूरचे. तीन वाक्यांनी तुमचा घोळ केला. क्लायंटने लिहिलं, ‘ऑल द एन्ट्रीज हॅव नॉट बीन व्हेरिफाइड’, म्हणून तुम्ही रात्री थांबून सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. नंतर कळलं की राहिल्या होत्या जेमतेम डझनभर. मग आलं, ‘वेन्सडेज कॉल हॅज बीन मूव्ह्ड फॉरवर्ड टू डेज’. तुम्ही शुक्रवारी तयारीनिशी बसलात आणि कॉल सोमवारीच होऊन गेला होता. तिसरं टीम लीडरचं, ‘यू मे नॉट अटेंड फ्रायडेज कॉल’. तुम्ही गेला नाहीत, पण गेला नाहीत ते बरोबर केलंत का, हे अजून तुम्हाला कळलेलं नाही. शेवटी तुम्ही विचारलंय की व्याकरण येतं, शब्द येतात, तरी असं का होतं आणि यावर कुठलं पुस्तक वाचू.

पुस्तकाचं राहू द्या. मी गेली बावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. विम्याच्या पॉलिसी, कर्जाचे करार, यंत्रांच्या पुस्तिका, औषध चाचण्यांची संमतीपत्रं, असलं सगळं रुक्ष काम. त्यात कळलेलं एवढंच सांगते.

या तिन्ही वाक्यांत तुमचं इंग्रजी कमी पडलेलं नाही. वाक्यंच दुतोंडी आहेत. इंग्लंडात जन्मलेला माणूससुद्धा त्यांवर अडखळतो. तुमची अडचण वेगळी आहे. वाक्य वाचल्यावर जो अर्थ पहिला सुचला तोच त्याचा अर्थ, असं धरून तुम्ही कामाला लागलात. दुसरा अर्थ आहे हे कळलं असतं तर तुम्ही विचारलं असतं. म्हणजे शिकायचं आहे ते ‘इथे दोन अर्थ आहेत’ हे वेळेवर दिसणं. अचूक अर्थ ओळखणं ही त्याच्या पुढची पायरी, आणि ती बऱ्याचदा आपल्या हातात नसते.

इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहितेय. ती डोळ्यांनी चाळू नका, तोंडाने म्हणा.

तुमच्या तीन वाक्यांवर येण्याआधी एक चौथं वाक्य घेऊ, कारण माझी सगळी पद्धत त्यात आहे. समजा मेल आला: ‘कॉल द कस्टमर हू कम्प्लेन्ड अबाउट द डिलिव्हरी ऑन मंडे.’ सोपं वाक्य, एकही अवघड शब्द नाही. आता हेच शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याला मराठीत सांगा. तोंड उघडलंत की अडाल. ‘डिलिव्हरीबद्दल तक्रार केलेल्या ग्राहकाला सोमवारी फोन कर’ म्हणायचं? की ‘सोमवारी ज्याने तक्रार केली होती त्याला फोन कर’? की ‘सोमवारच्या डिलिव्हरीबद्दल ज्याची तक्रार आहे त्याला’? इंग्रजीत ‘ऑन मंडे’ वाक्याच्या शेपटाला लोंबकळतं आणि मागच्या कुठल्याही शब्दाला जाऊन चिकटू शकतं. मराठीत त्याला तशी मोकळीक नाही. सोमवारी, सोमवारच्या, फोनच्या आधी, तक्रारीच्या आधी, असं कुठेतरी बसवावंच लागतं. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दांचा क्रम आपल्याला निवड करायला लावतात.

म्हणून वाक्य मराठीत करून बघायचं आणि जिथे मराठी अडून विचारते ‘यातलं नक्की कुठलं?’, तिथे इंग्रजीत दोन अर्थ आहेत असं समजायचं. शाळेत आपल्याला सांगतात, इंग्रजीतच विचार करा, मराठी मध्ये आणू नका. बोलायला शिकताना ते ठीक असेल. वाचताना मात्र मराठी ही तुमच्याकडची फुकटची तपासनीस आहे. तिला घरी बसवू नका.

ती कुठे कुठे विचारते ते बघा. ‘वी विल हॅव टू बेअर द कॉस्ट.’ खर्च आम्हाला सोसावा लागेल, की आपल्याला? ऐकणारा त्यात धरलाय की वगळलाय, हे इंग्रजीच्या ‘वी’मध्ये कळत नाही, मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. क्लायंटच्या मेलमध्ये ‘वी नीड टू फिक्स धिस बाय मंडे’ आलं की दर वेळी हा प्रश्न मनात विचारा. त्यातलं ‘वी’ म्हणजे पुष्कळदा तुम्हीच असता. ‘यू’ एकट्याला आहे की सगळ्या टीमला, हे मराठीत क्रियापदासकट ठरवावं लागतं. ‘माय कझिन इज कमिंग’ म्हटलं तर चुलत, मामे, आते की मावस, आणि वर भाऊ की बहीण, म्हणजे आठ शक्यता झाल्या. विम्याच्या फॉर्मवर वारसदाराच्या रकान्यात ‘सिस्टर-इन-लॉ’ लिहिलेलं असलं की माझं काम थांबतं. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी यांतली नेमकी कोण, हे फोन करून विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘रवी टुक हिज कार’ यातली गाडी रवीची स्वतःची की दुसऱ्या कुणाची? मराठीत ‘आपली’ आणि ‘त्याची’ यांतून एक उचलावं लागतं.

मात्र ‘मराठीत करा’ म्हणजे शब्दाला शब्द ठेवा असं नव्हे. तुमचं पहिलं वाक्य बघा. ‘ऑल द एन्ट्रीज हॅव नॉट बीन व्हेरिफाइड’चं शब्दशः मराठी होईल ‘सगळ्या नोंदी तपासलेल्या नाहीत’. आता हेही तितकंच दुतोंडी! एकही तपासलेली नाही, की काही राहिल्यात? तपासनीसच झोपली. म्हणून मी म्हणते, भाषांतर करू नका, सांगा. ऑफिसातून आईला फोन लावून ‘आज उशीर का होणार’ हे सांगायचंय असं समजा. तिथे तुम्ही ‘सगळ्या नोंदी तपासलेल्या नाहीत’ म्हणणार नाही. म्हणाल, ‘अगं, एकही नोंद तपासलेली नाहीये’ किंवा ‘थोड्या राहिल्यात तपासायच्या’. दोन्ही वाक्यं तोंडात आली आणि कुठलं बोलावं कळेना, की समजायचं इथे विचारायला हवं.

‘ऑल’च्या मागे ‘नॉट’ आलं की इंग्रजी शतकानुशतकं असंच वागतंय. ‘ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड’ ही म्हण तुम्हाला माहीत आहे. शब्द धरून वाचली तर चकाकणारी कुठलीच गोष्ट सोनं नसते असा अर्थ होईल, म्हणजे खुद्द सोनंही बाद. आपण ती ‘चकाकतं ते सगळंच सोनं नसतं’ अशी बरोबर घेतो, कारण जग कसं आहे ते आपल्याला माहीत असतं. तुमच्या नोंदींबद्दल असं आधीचं ज्ञान नव्हतं. किंवा खरं तर होतं. आदल्या आठवड्यात तुमच्याच टीमने बहुतेक नोंदी तपासून पाठवल्या होत्या, असं तुम्हीच लिहिलंय. मग ‘एकही नाही’ हा अर्थ आपोआप अशक्य झाला नाही का? वाक्याच्या बाहेर काय माहीत आहे ते आधी आठवायचं. थकल्यावर हेच विसरतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही माझं वाक्य नियम म्हणून पाठ कराल. हेच ‘ऑल… नॉट’ तुमच्या इंदूरच्या टीम लीडरनी लिहिलं असतं, तर मी ‘एकही नाही’कडे झुकले असते. आपल्याकडे ‘बोथ आर नॉट कमिंग’ म्हणणाऱ्याच्या मनात ‘दोघंही येणार नाहीत’ असतं, कारण त्याच्या इंग्रजीखाली मराठी किंवा हिंदी वाहत असते. लीड्सचा माणूस ‘ऑल’वर जोर देऊन म्हणाला तर त्याला ‘सगळ्या नाही, काही’ म्हणायचं असतं. तेव्हा वाक्य कुणी लिहिलं, तो कुठला, घाईत लिहिलं की वकिलाकडून तपासून घेतलं, चुकीचा अर्थ घेतला तर नुकसान किती, हे सगळं बघावं लागतं. व्हॉट्सअॅपवरच्या निरोपात मी एवढं खणत बसत नाही. कर्जाच्या करारात बसते.

दुसरं वाक्य, बुधवारचं. इथे मराठीने तुम्हाला मदत करायच्या ऐवजी खड्ड्यात घातलं, आणि ते कसं ते नीट समजून घ्या. ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे, हे आपण पाचवीत शिकलो. मराठीत कार्यक्रम ‘पुढे गेला’ किंवा ‘पुढे ढकलला’ म्हणजे उशिरावर गेला. यात आपल्याला शंका नसते. म्हणून बुधवारचा कॉल पुढे गेला म्हणजे शुक्रवारी, असं तुमच्या डोक्याने क्षणात ठरवलं. पण इंग्रजीतलं ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ दोन्हीकडे जातं. आपण काळातून चालत पुढे जातोय असं चित्र डोळ्यांपुढे असेल तर पुढे म्हणजे शुक्रवार. दिवस आपल्याकडे चालत येतायत असं चित्र असेल तर पुढे म्हणजे आपल्या जवळ, म्हणून सोमवार. नेमकं हेच बुधवारच्या मीटिंगचं वाक्य मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारून बघितलंय. लेरा बोरोडित्स्की आणि मायकल रामस्कर यांचा 2002 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यांनी विमानतळावर लोकांना गाठलं. कुणाला तरी घ्यायला आलेल्यांची उत्तरं सोमवार आणि शुक्रवार अशी जवळपास निम्मी-निम्मी पडली, आणि नुकतेच विमानातून उतरलेले लोक शुक्रवारकडे बरेच जास्त झुकले. इंग्रजी हीच ज्यांची भाषा, त्यांची ही गत. मग परभणीच्या माणसाने वाईट वाटून घेऊ नये.

तुम्ही कॉमर्सचे, म्हणून एक गंमत. इंग्लंडात ‘द कॉल हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणतात तेव्हा ते ठामपणे अलीकडे आणलेलं असतं. आणि वहीखात्यात ‘बॅलन्स ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे मागच्या पानावरची शिल्लक पुढे ओढलेली. शब्द तेच, दिशा उलटी. भारतीय इंग्रजीने यावर ‘प्रीपोन’ हा शब्द काढला. काही लोक त्याला नाकं मुरडतात. मला तो फार शहाणा शब्द वाटतो, कारण त्याला दुसरा अर्थच नाही. लीड्सला मात्र तो पोचेल याची खात्री नाही.

आपली मराठीही या बाबतीत धुतल्या तांदळासारखी नाही. ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेला की येणारा, हे क्रियापद आल्याशिवाय कळत नाही. ‘पुढच्या बुधवारी’ म्हटलं की आमच्याच घरात दोन पक्ष पडतात, म्हणून आम्ही येत्या बुधवारला ‘येत्या’ म्हणायचं ठरवून टाकलंय. मेलमध्ये ‘नेक्स्ट वेन्सडे’ दिसलं की मी उत्तरात तारीख घालते.

आता माझी स्वतःची चूक सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका औषध चाचणीचं संमतीपत्र माझ्याकडे आलं. त्यात वाक्य होतं: ‘डू नॉट टेक धिस मेडिसिन इफ यू हॅव हाय ब्लड प्रेशर ऑर डायबिटीज अँड आर ओव्हर सिक्स्टी.’ मी लिहिलं, ‘तुम्हाला उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असेल आणि तुमचं वय 60 पेक्षा जास्त असेल, तर हे औषध घेऊ नका.’ छान वाहतं वाक्य. मला अडल्यासारखंही झालं नाही. या कामात एक पद्धत असते. तुमचं मराठी दुसऱ्या भाषांतरकाराला देतात, मूळ इंग्रजी त्याला दाखवत नाहीत, आणि त्याच्याकडून ते उलट इंग्रजीत करून घेतात. त्याने केलेलं इंग्रजी असं आलं की वय 60 च्या वर असेल आणि शिवाय या दोनांपैकी एक आजार असेल, तर घेऊ नका. ते वाचून तिकडच्या डॉक्टरांनी लाल शेरा मारला. त्यांच्या मनात होतं की रक्तदाब असेल तर कोणत्याही वयात घेऊ नका, आणि 60 ची अट फक्त मधुमेहाला. माझं मराठी वाचून 45 वर्षांच्या रक्तदाबाच्या रुग्णाने औषध घेतलं असतं. कागद छपाईला गेला नव्हता, एवढं नशीब. मग मी एकाची दोन वाक्यं केली: ‘उच्च रक्तदाब असेल, तर वय कितीही असो, हे औषध घेऊ नका. मधुमेह असेल आणि वय 60 पेक्षा जास्त असेल, तरीही घेऊ नका.’

त्या दिवसापासून एका वाक्यात ‘अँड’ आणि ‘ऑर’ दोन्ही दिसले की मी पेन्सिल उचलते आणि कंस घालते. शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ आठवा. गणितात कंस आधी सोडवतो ते उगाच नाही. इंग्रजी वाक्यात कंस अदृश्य असतात. ते दोन्ही तऱ्हांनी घालून बघायचे आणि दोन उत्तरं वेगळी आली की थांबायचं. इथे मराठी तपासनीस आपल्याला सावध करत नाही, कारण ‘आणि’ आणि ‘किंवा’ तितकेच ढिले आहेत. हे तिचं एक आंधळं ठिकाण.

दुसरं आंधळं ठिकाण म्हणजे ‘द’. आपल्याकडे तो प्रकारच नाही, त्यामुळे तो असला काय नि नसला काय, आपली नजर त्यावरून घसरते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा 22 नोव्हेंबर 1967 चा ठराव क्रमांक 242 घ्या. इस्रायलने युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावं असं त्यात आहे, पण इंग्रजी शब्द आहेत ‘फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रीसेंट कॉन्फ्लिक्ट’. ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नाही. एका पक्षाचं म्हणणं, ‘द’ नाही म्हणजे सगळ्या प्रदेशांतून असं बंधन नाही. दुसरा पक्ष फ्रेंच मसुद्याकडे बोट दाखवतो, जो वाचताना सगळे प्रदेश असा अर्थ सहज निघतो. तो वाद कित्येक दशकं चालूच आहे. मराठीत ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ लिहून आपण मोकळे होतो आणि तिथे भांडण आहे याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा कराराच्या वाक्यांत ‘द’ कुठे आहे आणि कुठे गळलाय, यावरून बोट फिरवत जा. रोजच्या मेलसाठी एवढी गरज नाही.

स्वल्पविरामाची गोष्ट मात्र तुम्हाला आवडेल, कारण त्यात ओव्हरटाइम आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात, कुठल्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही याची एक यादी होती. यादीचा शेवट असा: ‘स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ’, आणि पुढे शेतमाल, मांस-मासळी, नाशवंत पदार्थ. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर दूध पोचवायचे. कंपनी म्हणाली, डिस्ट्रिब्यूशन यादीत आहे, म्हणून ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले, ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नाही, म्हणजे ते सगळं मिळून एकच काम आहे, पॅकिंग, आणि आम्ही पॅकिंग करत नाही. 2017 मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध आहे हे मान्य करून ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. आता हे मराठीत सांगून बघा. ‘पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग करणं’, की ‘पाठवण्यासाठी पॅकिंग करणं किंवा वितरण करणं’? तुम्हाला ‘-साठी’ एकदा लावायचा की दोनदा, हे ठरवावंच लागतं. परभणीच्या शाळेतल्या मराठीने तो खटका तिथल्या तिथे दाखवला असता.

बातम्यांचे मथळे हा आणखी एक प्रकार, पण त्यावर फार वेळ घालवू नका. 2009 मध्ये जपानमधल्या एका इंग्रजी बातमीचा मथळा होता, ‘व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स’. जेएएल म्हणजे जपान एअरलाइन्स. तिच्या 1985 च्या विमान अपघातात वडील गमावलेली व्हायोलिनवादक आता बहरतेय, असं सांगायचं होतं. वाचणाऱ्याला प्रश्न पडला, ‘क्रॅश ब्लॉसम्स’ ही कसली फुलं? अशा मथळ्यांना तेच नाव पडलं. इंग्रजीत नाम आणि क्रियापद एकाच कपड्यात फिरतात, म्हणून हे होतं. मथळा कळला नाही तर खालची बातमी वाचावी, बस.

‘नॉट’ आणि ‘बिकॉज’ एकत्र आले तर मात्र सावध राहा. ‘आय डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी.’ नोकरी सोडली, पण कारण पगार नव्हतं? की पगार चांगला होता म्हणून सोडलीच नाही? एकात माणूस नोकरीवर आहे, दुसऱ्यात नाही. बोलताना आवाजावरून कळतं, लिहिताना आवाज गळतो. तुम्ही स्वतः लिहिताना ही रचना टाळाच.

आणि काही वेळा वाक्य मुद्दाम दुतोंडी ठेवलेलं असतं. धर्मराजाने ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटलं ते काही त्याचं संस्कृत कच्चं होतं म्हणून नव्हे. ‘वी विल कन्सिडर अॅन अप्रोप्रिएट रिव्हिजन’ असं पगारवाढीबद्दल आलं, तर त्यात दुसरा अर्थ शोधत बसू नका, पहिलाच ठेवलेला नाही. करारातली अशी वाक्यं मी ‘हे असंच ठेवायचं आहे का?’ असं विचारून घेते. विम्याच्या पॉलिसीतलं वाक्य खरोखर संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ ते लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावायचा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनीही वापरलंय. पण कोर्टात गेल्यावर बरं असण्यापेक्षा सही करताना विचारलेलं स्वस्त पडतं.

विचारायचं कसं, हा तुमच्या प्रश्नात नसलेला पण खरा मुद्दा. ‘प्लीज क्लॅरिफाय’ लिहू नका. समोरच्याला आपल्या वाक्यात काय अस्पष्ट आहे ते दिसतच नाही, म्हणून तो तेच वाक्य थोडं फिरवून पुन्हा पाठवतो. ‘आय हॅव अ डाउट’ही नको. आपल्याला त्यात ‘शंका विचारायची आहे’ म्हणायचं असतं, तिकडच्या माणसाला वाटतं याचा माझ्यावर विश्वास नाही. दोन्ही अर्थ तुम्हीच मांडा आणि त्याला एकावर बोट ठेवू द्या. कॉलसाठी: ‘जस्ट टू कन्फर्म, द कॉल इज नाऊ ऑन मंडे द ट्वेल्फ्थ, नॉट फ्रायडे द सिक्स्टीन्थ. करेक्ट?’ नोंदींसाठी: ‘शुड आय चेक ऑल थ्री हंड्रेड, ऑर ओन्ली द वन्स स्टिल पेंडिंग?’ असं विचारलेलं कुणालाही अज्ञान वाटत नाही, उलट हा माणूस नीट वाचतो असं वाटतं. माझ्या एका कागदामागे आजही चार-पाच अशा शंका जातात. नवखी होते तेव्हा एकही जायची नाही. तेव्हा मला सगळंच कळतंय असं वाटायचं.

राहिलं तुमचं तिसरं वाक्य, ‘यू मे नॉट अटेंड’. पुस्तकी इंग्रजीत याचा अर्थ ‘तुला यायची परवानगी नाही’. आणखी एक अर्थ, ‘तू कदाचित येणार नाहीस’. आणि भारतातल्या ऑफिसांत रोज वापरला जाणारा तिसरा, ‘नाही आलास तरी चालेल’. मराठीत सांगून बघितलंत तर ‘येऊ नकोस’ आणि ‘नाही आलास तरी चालेल’ यांत किती अंतर आहे ते कानाला लगेच लागेल. तुमचे टीम लीडर इंदूरचे आणि एरवी सुट्टीला आडकाठी न करणारे, असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे माझा कौल तिसऱ्या अर्थाला. तुम्ही गेला नाहीत तेही ठीकच, कारण ‘येऊ नकोस’ असतं तरी न जाणंच बरोबर होतं. फक्त हेच वाक्य उद्या लीड्सहून आलं, तर क्लायंट नाराज आहे का हे टीम लीडरना विचारून घ्या.